देठाचा श

भिवापूरच्या बाजारात लागून असलेल्या दोन गाळ्यांवर दोन वळणांची अक्षरं दिसली, की लोक त्याचा एकच अर्थ काढतात. घर फुटलं. मग चहाच्या टपरीवर वावर कोणाच्या वाट्याला गेलं इथपासून म्हातारी कोणाकडे जेवते इथपर्यंत चौकशी पोचते. म्हणून मामाजींनी शेजारचा गाळा पोरासाठी घेतला तेव्हा रंग, रॅक, वजनकाटा सगळं त्यांनी पोरावर सोडलं. अट एकच घातली. नव्या पाटीचं अक्षर जुन्या पाटीसारखंच पाहिजे.

"सेम टू सेम," ते फोनवर म्हणाले. "नाईतं उद्या गावभर होईन, बापलेकाचं फाटलं म्हनून."

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात कंप्युटरवर असतो. तिथे मी लोकांच्या पगाराचे हिशेब लावणारं सॉफ्टवेअर सांभाळतो, पण आमच्या नात्यागोत्यात कंप्युटर हा एकच विषय आहे. ज्याला तो येतो त्याला रेल्वेचं तिकीट, सातबारा, बारावीचा निकाल, बिघडलेला प्रिंटर आणि फॉन्ट हे सगळं आलंच पाहिजे. माघात चार दिवसांची सुट्टी काढून मी नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूरला उतरलो आणि पिशवी खाली ठेवायच्या आत पाटीसमोर उभा केला गेलो.

पाटी टिनाची, बारा फूट लांब. पिवळी जमीन, लाल अक्षर, अक्षराला उजवीकडे खाली काळी छाया. वरच्या ओळीत दुकानाचं नाव. ते सांगत नाही, कारण ते आजीचं नाव आहे आणि त्यावरून आधीच दोन मावशांत अबोला आहे. त्यात एक श आहे आणि एक ल आहे, एवढं इथे पुरे. खालच्या ओळीत 'भिवापुरी मिरची व मसाल्याचे व्यापारी'. ओळ सुरू झाली तेव्हा पेंटरच्या मनात मोठं औदार्य असावं. 'भिवापुरी' ऐसपैस पसरलं आहे, 'मसाल्याचे'पाशी हात आखडला आहे आणि 'व्यापारी'मधला री तर उमरेडच्या बसला दारात लटकणाऱ्या माणसासारखा एक पाय बाहेर टाकून उभा आहे.

जुन्या पाट्यांवर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरची सही असते. पेंटर अमुक, आणि खाली गावाचं नाव. ती मी शोधली. नव्हती.

"राहून गेली असन," मामाजी म्हणाले आणि घाईघाईने पोत्यांकडे गेले. तेव्हा मला त्या घाईचं काही वाटलं नाही.

वास्तविक ओळख पटवणं हा मामाजींचा धंदाच. मूठभर वाळली मिरची हातात दिली तर डोळे मिटून ही तेजा, ही ब्याडगी आणि ही आपली भिवापुरी, असं ते सांगतात. कानाशी हलवून बी कसं वाजतं ते ऐकतात, देठाजवळचा खांदा पाहतात, मोडून सालीची जाडी बघतात. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर गावात प्रत्येक जण तिचा जन्मदाखला खिशात घेऊन फिरतो. (हल्ली ती वावरापेक्षा पाट्यांवर जास्त पिकते, असं गावातलेच म्हणतात. मी पाहुणा, मी काय बोलणार.) पण याच मामाजींना मी विचारलं, "तुमच्या या अक्षरात खास काय आहे?" तर बराच वेळ पाटीकडे पाहून ते म्हणाले, "लाल आहे."

गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. मालक पन्नाशी ओलांडलेले, हाताची बोटं जाड, चष्मा कपाळावर. माउस त्यांनी कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला होता. टेबलाला उजवीकडे प्रिंटर खेटलेला असल्यामुळे असेल, असं वाटून मी ते सोडून दिलं. मोबाइलमधला पाटीचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"शून्य सात चौदा," ते म्हणाले.

हे त्यांचं सगळ्याच प्रश्नांचं पहिलं उत्तर आहे, ते मला नंतर कळलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने काढलेल्या श्रीलिपीत फॉन्टना नंबर असतात, बराकीतल्या कैद्यांसारखे. त्यातला ०७१४ हा आपल्याकडे इतका चालला, की लग्नाच्या पत्रिकेपासून तेरवीच्या कार्डापर्यंत माणसाला तोच सोबत करतो. सरकारी मराठीत फॉन्टला 'टंक' म्हणतात. हा शब्द मी दुकानात वापरून पाहिला. त्यांना वाटलं मी पाण्याची टाकी छापायला आलोय.

०७१४ मध्ये टाइप करून पाहिलं. जमलं नाही. मग कृतिदेव ०१० लावला, मग सीडॅकचा सुरेख, मग योगेश. सुरेखमध्ये आजी शिक्षिका वाटायला लागली, योगेशमध्ये तिचं वजन वाढलं. दुकानदार दर फॉन्टमागे स्क्रीनजवळ जायचे आणि मान हलवायचे.

"फाँट वळनदार आहे," शेवटी ते म्हणाले, "पन बनवनाऱ्याले ल येत नव्हता. हे पाहा, पाकळी जिथं बारीक पायजे तिथं जाड केली. कोन्या शिकाऊ पोराचं काम आहे."

"मग शोधायचं कसं?"

"दोन दिवस द्या. नागपूरच्या दोस्ताकडे फाँटची सीडी आहे, अडीच हजार फाँट."

दरम्यान मी स्वतः एक उद्योग करून ठेवला. नव्या पाटीचा मजकूर त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि फॉन्ट मिळेपर्यंत उद्घाटनापुरता साधा फ्लेक्स तरी लावा म्हटलं. रात्री त्यांच्या मुलाने तो छापला, सकाळी पोरांनी टांगला. आठ फुटी फ्लेक्सवर ठसठशीत अक्षरात आलं: 'मरिची व मसाले'.

चूक माझी होती. आपली ऱ्हस्व वेलांटी विचित्र बाई आहे. उच्चारात ती व्यंजनामागून येते आणि लिहिताना त्याच्या पुढे जाऊन बसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते आणि तिला उचलून पुढच्या खुर्चीवर बसवणं हे पडद्यामागच्या सॉफ्टवेअरचं काम असतं. दुकानातलं डिझाइनचं कोरल बरंच जुनं. त्याला हा मानपान माहीतच नाही. त्याने आली तशी, म च्या मागे वेलांटी बसवली आणि ती र च्या डोक्यावर गेली. खालच्या ओळीत 'व्यापाऱ्यांसाठी खास दर' हवं होतं, तिथे 'व्यापार्यांसाठी' आलं. हा ऱ तर मराठीचा जुना दुखरा दात. वारीतला वारकऱ्यांचा, शेतातला शेतकऱ्यांचा, बाजारातला गिऱ्हाइकाचा; सगळीकडे तो लागतो आणि बहुतेक फ्लेक्सवर तो पडलेला असतो. शेजारच्या अख्ख्या वऱ्हाडाचं यात 'वर्हाड' झालेलं आहे आणि कोणी मोर्चा काढलेला नाही.

दुपारपर्यंत चौकात विचारणा सुरू झाली. हे मरिची कोण? सप्तर्षींतले का? एक निवृत्त संस्कृत गुरुजी मुद्दाम चष्मा पुसून आले. त्यांनी सांगितलं, की यात काही चूक नाही. संस्कृतात मरिच म्हणजे काळी मिरी, आणि मिरची हा शब्द तिथूनच आला. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून, त्यामुळे तिला घरातल्याच तिखटाचं नाव दिलं गेलं. "तुमच्या पाटीवर मूळ शब्द आला आहे," गुरुजी म्हणाले. मामाजींना ते फार आवडलं. पण एकाने येऊन दोन किलो काळी मिरी मागितली, तेव्हा फ्लेक्स उतरवला.

संध्याकाळी मी फॉन्ट ओळखून देणाऱ्या एका संकेतस्थळावर पाटीचा फोटो चढवला. मिनिटभर गोल फिरून त्याने अकरा इंग्रजी फॉन्टांची यादी दिली. श हा त्याला कुठल्यातरी लग्नपत्रिकेतला एस वाटला होता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या रस्त्यावर चार, नऊ, एक, दोन हे इंग्रजी आकडे नंबरप्लेटवर जरा वळवून लिहिले की त्याचं 'पवार' होतं, दोन-एक-चारचा 'राम' होतो, आणि ते वाहतूक पोलिसालाही वाचता येतं. आकड्यात आडनाव वाचणाऱ्या समाजाची अक्षरं मशीनने ओळखावीत, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

मुळात फॉन्ट शोधायचा तर तो आधी फॉन्ट असावा लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने मुंबईत देवनागरी खिळ्यांचं वळण इतकं देखणं बसवलं, की त्या ठशाचा दबदबा अनेक पिढ्या राहिला. तो टाइप. त्याचा प्रत्येक ल दुसऱ्या ल चा जुळा भाऊ. पुढे र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल केला, तो आज प्रत्येक सरकारी पत्रात भेटतो. तो फॉन्ट. पण कमल शेडगे वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी नाटकांची नावं काढायचे, तेव्हा प्रत्येक नाटकाला नवं अक्षर जन्माला यायचं, आणि त्या नाटकाबाहेर ते अक्षर कुठेच राहत नसे. आमच्या बाजूला दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागतात. त्यातली अक्षरं तर खलनायकासारखी पुढे झुकून अंगावर येतात. त्यांचा फॉन्ट कोणाला विचारायचा? दिल्लीत हनीफ कुरेशींनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट बनवायचा उपक्रम काढला होता आणि फॉन्टला त्या त्या पेंटरचं नाव दिलं. आमच्या पाटीला तर पेंटरचं नावच नव्हतं.

तरी एक धागा होता. श आणि ल.

नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, नुसतं होतं असं नाही, राजधानी होतं. त्यामुळे या भागातल्या जुन्या पाट्यांवर हिंदी वळण मुरलेलं आहे. आता फ्लेक्सच्या कृपेने ते पुन्हा आलं आहे. हिंदीचा ल दांड्याचा, मराठीचा पाकळीचा. हिंदीचा श शेंडी फुटलेला, मराठीचा देठाचा. कंप्युटरच्या लेखी मात्र दोन्ही ल एकच, नंबरही एकच. पाकळी द्यायची की दांडा, हे फॉन्ट ठरवतो, आणि त्यासाठी मजकूर मराठी आहे असं त्याच्या कानात कोणीतरी सांगावं लागतं. कोणी सांगत नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ल पाकळीचा आणि श देठाचाच लिहावा, असं सांगून ठेवलं आहे, पण फॉन्ट शासन निर्णय वाचत नाहीत.

सरकारचं पाट्यांवर लक्ष आहे, एवढं मात्र मान्य करायला हवं. २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तरी पाटी देवनागरी मराठीत हवी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. दारूच्या दुकानाला थोर पुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं नकोत, हेही त्यातच आलं. मामेभावाच्या मनात नव्या पाटीवर इंग्रजीत मोठ्ठं 'स्पायसेस' होतं. मामाजींनी त्याला कायदा दाखवला. जीएसटीपासून वजनमापापर्यंत मामाजींना पटलेला हा पहिलाच कायदा.

तर मी निरनिराळ्या फॉन्टांतले पंधरा श आणि पंधरा ल मोठ्या आकारात छापून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मामाजींबरोबर सातऱ्यावर गेलो. ज्यांनी मिरचीचा सातरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोकळ्या जागेत लाल मिरचीचे ढीग, भोवती तोंडाला पदर बांधून बसलेल्या बाया, आणि दिवसभर एकच काम, मिरचीचा देठ खुडायचा. मजुरी किलोवर. बोलणं चालू, हात त्याहून जलद चालू. आणि मी, दर अर्ध्या मिनिटाला शिंकणारा.

कागद पोत्यावर मांडले. एका शिंकेत अर्धे उडाले. ते गोळा करता करता एका मावशीने विचारलं, "हे काय होय जी?"

"श आहेत," मी म्हणालो. "यातला पाटीवरचा कोणता, ते शोधतोय."

तिने हात लुगड्याला पुसले आणि कागद उचलून असे भराभर दोन बाजूंना टाकले, की मला समजेपर्यंत वाटणी झाली होती. "याले देठ आहे. याले देठ आहे. हे खुडलेलं. हे खुडलेलं. याले आहे पन वाकडं, हे पावसात भिजलेला माल." पंधरापैकी सहा देठाचे निघाले. मग तिने बसल्या जागेवरून मान उंच करून रस्त्यापलीकडच्या पाटीकडे पाहिलं. "तुमचा याच्यात नाई," ती म्हणाली. "तुमच्या पाटीवरच्याचा देठ दुसऱ्या अंगानं झुकते."

अडीच हजार फॉन्टांची सीडी जे सांगू शकली नाही ते तिने नाक न पुसता सांगितलं. मी परत जाऊन पाहिलं. खरंच, श चा देठ डावीकडून यायच्या ऐवजी उजवीकडून ओढल्यासारखा होता. ज्या गावात बाया जन्मभर देठ खुडतात त्या गावात सरकारने श ला देठ सक्तीचा केला, याची गंमत मला वाटली होती. पण ती सांगायची ती जागा नव्हती. सगळ्या जणी परत कामाला लागल्या होत्या आणि माझ्या कागदांमुळे त्या मावशीची पाव किलोची मजुरी बुडाली होती.

"याले लिवणारा कोन होता, ते तं आठवा," मी मामाजींना रात्री जेवताना धरलं.

"वस्ताद," ते म्हणाले. "स्टेशनाकडे राहतात. सगळा बाजार त्यांनीच लिवला."

भिवापूरचं स्टेशन म्हणजे नागपूर-नागभीड छोट्या गाडीचं. ती २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली. वस्ताद त्या बाजूच्या घरात ओसरीवर बसले होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी ट्रक रंगवले होते, शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिले होते, कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण काढले होते आणि निवडणुकीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन पक्ष रंगवून दोघांकडून पैसे घेतले होते. मी फोटो दाखवला. त्यांनी भिंग मागवलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जागा माही आहे, अक्षर माह्यं नाई."

"म्हणजे?"

"पयली पाटी मीच लिवली. शहात्तर का सत्त्याहत्तर. हे वरून कोनीतरी नवं चढवलं." त्यांनी बोटाने हवेत ल काढला, सावकाश. "आपन बोरूचं टोक कसं कापतो? इंग्रजीवाल्याच्या उलट तिरपं. त्यानं जाड कुठं यावं, बारीक कुठं यावं, ते ठरते. ब्रशही तसाच धरतो. हे पाहा, याचं जाड तिथं आलं जिथं बारीक पायजे. हा शिकाऊ नाई. हात पक्का आहे. फक्त डावा आहे."

डावा. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"माह्याजवळ एकच डावखुरा पोरगा होता," वस्ताद म्हणाले. "लय मारलं त्याले, उजव्यानं लिव म्हनून. नाई आयकलं. मंग त्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं."

माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला. प्रिंटरमुळे नव्हे.

मी दुकानात पोचलो तेव्हा ते नागपूरच्या सीडीतले फॉन्ट 'घ' पर्यंत तपासून झाले होते. मी वस्तादांचं नाव काढलं आणि मामाजींच्या पाटीचं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. या दोन दिवसांत पहिल्यांदाच. फोटो मोठा केला. लहान केला. तोंड उघडलं, मिटलं. मग चष्मा परत कपाळावर चढवत म्हणाले, "म्हनूनच तं म्हटलं, ल चुकला आहे म्हनून."

दुपारी ते स्टूल आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन दुकानासमोर आले. कंप्युटर आणला नव्हता. पाटीवर कागद दाबून त्यांनी पेन्सिलीने अक्षरं उतरवायला सुरुवात केली. म 'मसाल्याचे'मधून, ची 'मिरची'मधून, ल आजीच्या नावातून. हे कागद स्कॅन करून ॲक्रिलिकची अक्षरं कापायची, ती एसीपीच्या पत्र्यावर चिकटवायची, मागे एलईडीची पट्टी. सगळं ठरलं. अडकलं 'व्यापाऱ्यांसाठी खास दर'पाशी. जुन्या पाटीवर ठ नव्हता, ख नव्हता, द नव्हता, आणि ऱ्य तर नव्हताच.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मामेभावाने गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून दिलं. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, पोत्यांवर भाव लिहायचा जाड मार्कर घेऊन, डाव्या हाताने, आधी ख काढला. बिघडला. परत काढला. द झाला. ठ चा गोल त्यांनी पूर्ण होईपर्यंत श्वास घेतला नाही. मग ऱ्य. माझ्या व्हॉट्सॲपला, त्यांच्या कोरलला आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या फ्लेक्सला जो आला नाही तो त्यांच्या हातून एका फटक्यात उतरला; वरून चंद्रकोर खाली आली, य ला टेकली, संपली. मार्करला टोपण लावून ते म्हणाले, "याले पंचवीस वर्सं झाली बगा."

पाटी आठवड्याने लागली. मी तोवर पुण्याला आलो होतो. पुढचं मामेभावाकडून कळलं. बिलात पत्रा, अक्षरं, एलईडी, बसवणूक, आणि शेवटी एक ओळ: 'फाँट शोधाई, दोन दिवस, ५०० रुपये'.

मामाजी भडकले. "सोताचं अक्षर शोधाले पाचशे? उद्या सोताच्या घराचा पत्ता विचारसान अन् त्याचे पैसे लावसान?"

"शोधलं तं होतं ना," दुकानदार म्हणाले. "नाई सापडलं हा वेगळा विषय."

"कोपऱ्यात सही टाकली असती तं शोधा लागलं नसतं."

यावर दुकानदार जरा थांबले. मग शांतपणे म्हणाले, "काकाजी, १९९६ चे दोनशे बाकी आहेत. पूर्ण पैसे आल्याबगर सही टाकायची नाई, हे वस्तादानं शिकवलं होतं."

मामेभावाच्या म्हणण्याप्रमाणे दुकानात इतकी शांतता झाली, की सातऱ्यावरचं बोलणं ऐकू आलं. मामाजींनी गल्ला उघडला. सातशे मोजले.

मग दुकानदारांनी घरून जुना ब्रश आणि इनॅमलची डबी आणली आणि जुन्या पाटीच्या उजव्या कोपऱ्यात डाव्या हाताने सही केली. नव्या पाटीची सही त्यांनी मशीनवर कापून चिकटवली. ०७१४ मध्ये.

दोन पाट्या, अक्षर सेम टू सेम. मामाजी बेहद्द खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी दोन्ही कोपरे नीट पाहिले आणि विचारलं, "काऊन हो, पेंटरच्या घरात वाटणी झाली का?"